आईचा पांढरा ब्लाउज

आईच्या कपाटात वरच्या फळीवर एक पांढरी साडी आणि पांढरा ब्लाउज ठेवलेला आहे. साडी तिच्या लग्नातली, नगरच्या चर्चमध्ये नेसलेली. ती तिने आता स्वतःच्या मातीच्या, म्हणजे दफनाच्या दिवसासाठी राखून ठेवली आहे. आमच्यात असं ठेवणाऱ्या बायका असतात, पण आईइतकी हौस कुणाला नसेल. दिवाळीनंतर कोरडं ऊन पडलं की ती साडी भोपाळच्या कोटरा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत वाळत पडते. समोरची शेजारीण विचारते, "आंटी, कहीं जा रहे हो क्या?" आई म्हणते, "हाँ, जाना तो है।" आणि हसते. मी तोवर आत पळालेली असते.

मला त्या साडीची भीती वाटते. खरं तर साडीची नाही, ती नेसून जिथे जायचं तिथली. बाबांची नोकरी इथल्या कारखान्यात होती, त्यामुळे मी वाढले भोपाळात आणि संडे स्कूलही हिंदीतून शिकले. एकदा तिथल्या बाई म्हणाल्या, स्वर्गातलं जीवन कधीच संपत नाही. मी विचारलं, "फिर उसके बाद?" त्या म्हणाल्या, "उसके बाद भी।" मी म्हटलं, "और उसके बाद?" त्यांनी मला एक टॉफी देऊन खाली बसवलं. पण माझ्या मनात भीती बसली ती बसलीच. नरकाला मी कधी एवढी घाबरले नाही. तिथे जायला निदान काही कारण तरी लागतं. हे मात्र चांगलं वागूनही संपणार नव्हतं.

घरी येऊन मी रडत आईला सगळं सांगितलं. ती जमिनीवर बसून मटार सोलत होती. तिने समजूत वगैरे काही घातली नाही. अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "सगळं एकदम बघतेस म्हणून डोळे फिरतात बाई. ही शेंग बघ. पुढचं प्रभू बघेल." मटार संपेपर्यंत भीती बरीच विरली होती. आज मी शाळेत गणित शिकवते, फळ्यावर अनंताचं चिन्ह सहज काढते, आणि घरी येऊन त्याच गोष्टीला घाबरते. चर्चमध्ये माझ्या विश्वासाचं लोक कौतुक करतात. तो विश्वास म्हणजे निम्मा आईचा धीर आहे, हे त्यांना माहीत नाही. ती घाबरत नव्हती, म्हणून मला घाबरायची सोय होती.

या थंडीत तिचा श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप निकामी होत चालली आहे आणि या वयात ऑपरेशन शरीराला झेपणार नाही. गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं. आईने मान डोलावली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललं होतं. घरी आल्यावर तिने कपाट उघडून तो ब्लाउज अंगाला लावून पाहिला. मधल्या काळात ती फार वाळली होती.

"बाही लोंबतेय गं. टेलरकडून आत घेऊन आण."

"आई, कोण बघणार आहे?"

"ज्याच्याकडे चाललेय तो बघणार नाही का? आणि चर्चच्या मंडळीतल्या बायका बघतील त्या वेगळ्याच."

एरवी आम्ही दोघी बरोबर गेलो असतो. आई एकटी कुठे जातच नाही. लग्न करून आली ती बाबांच्या बरोबर, बँकेत जायची ती बाबांच्या बरोबर, आणि ते गेल्यापासून माझ्याबरोबर. पण आता तिला दोन जिने उतरवत नव्हते. मापाला तिचा रोजचा एक ब्लाउज घेऊन मी एकटीच जवाहर चौकात गेले.

लग्नसराई होती. टेलरच्या दुकानात लेहेंग्यांचे ढीग पडले होते. त्याने ब्लाउज उलटसुलट करून पाहिला. "पुरानी सिलाई है, बढ़िया है। घर में शादी है क्या?"

मी म्हटलं, "हाँ।" दुसरं काय सांगणार होते?

"कब तक चाहिए?"

साधा प्रश्न. दिवसातून कितीदा विचारत असेल तो. मागे उभ्या असलेल्या मुलीला घाई होती, ती माझ्या खांद्यावरून पुढे वाकत होती. मी कसंबसं म्हटलं, "जल्दी नहीं है।" आणि दुकानाबाहेर येऊन रिक्षा मिळेपर्यंत मनात एकच धावा चालू होता, प्रभू, जल्दी नहीं है, जल्दी नहीं है. प्रार्थना म्हणायची तर तेवढीच होती ती.

त्याने अर्थातच वेळ लावला. मी एरवी टेलरशी तावातावाने भांडणारी बाई आहे; या वेळी तो "परसों" म्हणाला की माझा जीव भांड्यात पडायचा. ब्लाउज तयार नाही तोवर आई जाणार नाही, असं माझ्या वेड्या डोक्याने ठरवून टाकलं होतं. असल्या समजुतींवरून मी शेजारणीची चेष्टा केलेली आहे. आई मात्र चिडायची. "काय मेला टेलर आहे! मी जाईन आणि हा बसेल काज करत." मी हसायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहायचे.

शेवटी त्याचा फोन आला. मी ब्लाउज आणला. दुपारची वेळ होती, आईला लगेच घालून पाहायचा होता. मी हुक लावून दिले. ती आरशासमोर उभी राहिली, दोन्ही हात वर करून बघितले, पाठ बघितली. मग पलंगावर बसली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"दम लागला का? गोळी देऊ?"

तिने मान हलवली. "बाई, मला भीती वाटतेय."

हे वाक्य मी आयुष्यात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हीच घाबरली तर मी कुणाकडे जाऊ?

"कशाची, आई?"

"प्रभू आहे तिथे. त्याची भीती नाही. पण तिथपर्यंत? मी कधी एकटी कुठे गेलेच नाही गं."

तिला खोटा धीर देण्याइतका धीरही माझ्याकडे नव्हता. घरात मटार होते. मी पिशवी आणि परात घेऊन आले, पलंगावर तिच्यासमोर बसले आणि अर्धा ढीग तिच्याकडे सरकवला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला आठवलं की नाही, मला माहीत नाही. पण तिने एक शेंग उचलली.

आम्ही बराच वेळ सोलत बसलो, ती तिच्या शेवटच्या ब्लाउजात आणि मी शाळेच्या साडीत.

"तू पण घाबरलीयस ना?" तिने विचारलं.

"हो."

"लहानपणापासूनच भित्री तू." मग परातीतले दाणे हाताने सारखे करत म्हणाली, "मग मी आधी गेलेलीच बरी. तू येशील तेव्हा दारात कुणीतरी ओळखीचं नको का?"

मटार संपले. मी तिच्या मागे बसून एकेक हुक काढू लागले. टेलरने काम चोख केलं होतं. ब्लाउज तिला अगदी मापात बसला होता, आणि मला तेच सहन होईना.