आत्याचं आवतण

आमची आत्या रुसली, की मांडवातल्या माणसांचं लक्ष नवरानवरीवरून उडायचं. लग्नाच्या गावी वेशीत सामोरं कोणी आलं नाही, की ती गाडीतून उतरायचीच नाही. राहात्याकडच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली तरी बाई आपली गाडीत. नवरीचा बाप पटका सावरत धावत आला. "आक्का, चुकलं आमचं. रुसू नका." आत्या पदर नीट करत म्हणाली, "मी कुठं रुसले? बैल दमल्यात." बैलांचा तो शीण शेवटी एका खणानं उतरला.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं. तिचे मालक आमच्याच गुऱ्हाळावर गुळव्या होते. दिवसभर रस आटणाऱ्या काहिलीकडे बघत बसायचे आणि बोलायचे नाहीत. दोघांच्या वाट्याचं बोलणं आत्याच उरकून टाकी. बेलापूरपासून शेवगावपर्यंत आमच्या भावकीत कोणाचा मान कोणाच्या आधी, कोणाला पटका आणि कोणाला नुसता टॉवेल, हे तिला पाठ. त्यामुळे इतर कोणी रुसलं तरी समजूत काढायला तिलाच बोलावत. तिची एक रीत होती. "रुसल्याला कारन इचारू न्हाई. त्यालाबी ते ठावं नसतं. पानी इचारावं. पानी घेतलं का तो जेवतोच." लग्नसराई लागली, की तिच्या अंगात वारं शिरायचं. एरवी गुडघ्यांना तेल चोळत बसणारी बाई चार महिने पायाला भिंगरी लावून हिंडायची.

लढाईच्या दिवसांत गुळाला भाव आला आणि आमच्या घरात पहिल्यांदाच पैसा खुळखुळला. त्याच साली मी मॅट्रिक झालो आणि त्याच साली माझ्या बहिणीचं, ताईचं लग्न ठरलं. मला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांना, म्हणजे आबांना, नगरचा बँड हवा होता. शेजारच्या बागाईतदारानं मुलीच्या लग्नात तीन गावं जेवू घातली होती, आबांना पाच घालायची होती. वर शोभेची दारू. "कालेज काय, पुढल्या सालीबी आसंल," ते म्हणाले. "पोरीचं लगीन एकदाच हुतं." शेतकऱ्याच्या घरातलं पुढलं साल म्हणजे काय असतं, ते मी जाणून होतो. व्याह्यांची काहीच मागणी नव्हती. हौस सगळी आबांची.

मी गुऱ्हाळावर जाऊन आत्यापुढे रडलो. हो, रडलो. मिसरूड फुटलेला मुलगा चुलाणाच्या धुरानं डोळे चुरचुरतायत असं सांगत रडला.

"आत्या, तू सांग ना आबांना. तुझं ऐकतील."

"किसना माझ्या बापाचंबी ऐकत नव्हता." तिनं उसाचं एक कांडं सोललं. मग म्हणाली, "जेवायला मान्संच न्हाई आली, तर बँड कुनाम्होरं वाजवंल रं तुझा बाप?"

दुसऱ्या दिवशी तिनं आवतणं द्यायचं काम अंगावर घेतलं. आबांना आनंदच झाला. मानपान जाणणारं एवढं तयार माणूस घरात असताना दुसऱ्या कोणाला कशाला पाठवायचं? गाडी हाकायला मी.

आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. घरटी एका माणसाला बोलावलं तर एकानं यायचं. चूलबंद आवतण असलं तर त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. भावकीला अर्थातच चूलबंद, आणि पहिलं थोरल्याच्या घरी.

राहात्याला आबांचे दोन चुलतभाऊ भिंतीला भिंत लावून राहत. थोरले तात्या, धाकटे नाना. आत्या आधी नानांकडे उतरली. कुंकू लावलं, गुळाचा चहा बशीत ओतून फुर्र आवाज करत प्याली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूलबंद हाय बरं का!" मग गाडी तात्यांच्या दारी. तिथं ती उतरलीच नाही.

"वन्सं, आत तरी या," तात्यांची बायको उंबऱ्यात येऊन म्हणाली.

"बैलांना घाई हाय. घरातलं एक मानूस यावं लग्नाला. पोरंबाळं घरीच बरी, लई कालवा करत्यात."

काकूंचा चेहरा बघून मी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. गाव मागं पडल्यावर मात्र गाडी थांबवून पोट धरून हसलो. "पण आत्या, नाना तर येतीलच की!"

"येतोय! थोरल्याचा मान गेल्यावर धाकला आला, तर बायको घरात घील का त्याला?"

असं आम्ही सगळ्या भावकीतून फिरलो. एके ठिकाणी ती सासूला सोडून सुनेला कुंकू लावून आली. दुसरीकडे घरचा कर्ता माणूस समोर असताना त्याच्या सालगड्याला आवतण दिलं. प्रत्येक दारी नवी तऱ्हा. मान कुठं आहे हे जिला ठाऊक, तिलाच तो इतका नेमका मोडता येतो. परतीच्या वाटेवर मी एकटाच हसत होतो, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. ती एकदाच बोलली. "आता ही दारं गेली."

लग्न चार दिवसांवर आलं आणि रुसव्यांचे निरोप येऊ लागले. आबा घाबरले. समजूत काढणारं माणूस एकच, आणि ते डोक्याला फडकं बांधून माजघरात निजलेलं.

"आक्का, ऊठ की गं! तात्या न्हाई म्हनतोय."

"माझं कपाळ उठलंय, किसना. पानी दे."

भावकीच नाही म्हटल्यावर बँड कोणासाठी? आबांनी तो रद्द केला. दारूकामही राहिलं. ताईचं लग्न आमच्या गावात, आमच्याच गुळाच्या लाडवांवर, छान आटोपशीर झालं. व्याह्यांची मंडळी इतकी जेवली, की वरात निघायला संध्याकाळ झाली. उरलेल्या पैशाकडे बघवेना, तेव्हा आबा चिडून मला म्हणाले, "ज्यांच्यासाठी ठिवला ते आले न्हाईत. जा, घाल पुण्यात!"

एवढ्यावर थांबलो असतो, तर ही गमतीची गोष्ट झाली असती. पण थोड्या दिवसांनी तात्या आमच्या घरी आले. भावकी तुटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी मला समोर बसवलं. "पोरा, गाडीवर तू हुतास. किसनानं तिला तसं सांगाया लावलं, का तिनं तिच्या मनानं केलं?"

आबा माझ्याकडे बघत होते. दाराआड आत्याच्या बांगड्या वाजल्या. मला पुण्याला जायचं होतं.

"आबांनी काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "आत्यानं तिच्या मनानं केलं."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच इतकी वर्षं तो मला गिळता आलेला नाही. तात्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला, दोघे एका ताटात जेवले, आणि आत्या भावकीतून उठली.

त्यानंतर तिला कोणाचंही आवतण आलं नाही. लग्नसराईत पाण्याच्या पाटापलीकडून वाजंत्री ऐकू आली, की ती हातातलं काम थांबवून म्हणे, "सनईवाला बेलापूरचा दिसतोय. लई घाईत वाजवतो." मी सुट्टीत आलो की विचारी, "शिकतो का नुसता भांग पाडतो?" आणि खो खो हसे. माझ्यावर ती कधीच रुसली नाही. रुसली असती, तर पाणी विचारून मोकळा झालो असतो.

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न शेवगावला झालं. आत्या मांडवात असेल तर आम्ही येत नाही, असं भावकीनं कळवलं. तेव्हाही मी गप्पच. ती आपणहून म्हणाली, "मी घर राखते. लग्नाच्या घरात चोऱ्या हुत्यात." आम्ही वरात घेऊन परतलो, तेव्हा तिनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या बायकोचं बोट धरून तिला कोपऱ्यात नेलं. "बस हितं. आता सांग, कोन कोन रुसलं?" बायको बिचारी दमलेली, पण तिनं सगळं सांगितलं. आत्या मधूनमधून मांडीवर थाप मारून हसत होती. "आन् पटका कुनी बांधला त्येला? आधी का नंतर?" सगळं लग्न तिनं असं ऐकून ऐकून जेवून घेतलं.

पुढं काही वर्षांनी ती गेली. तेराव्याला भावकी आली. तिच्याविषयी चांगलंच बोलली, फक्त जिभेचं तेवढं सोडून. मी पत्रावळी उचलत होतो.

यंदा माझ्या मुलीचं लग्न आहे. आवतण द्यायला मी राहात्याला गेलो. पहिल्यांदा थोरल्या घरी. तात्या आता ऐंशीच्या पुढचे, बाजेवर पडून असतात. कुंकवाचा करंडा खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. कॉलेज, गुऱ्हाळ, घाईतले बैल, माझं ते खरं वाक्य.

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी," ते हळू म्हणाले, "त्या दिशी आक्काला आत यायचं हुतं?"

"हो, तात्या."

त्यांनी आत हाक मारली. "अगं ए, ऐकलंस का? वन्संना आत यायचं हुतं."

काकू भिंतीला धरत दारात आल्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून तात्यांनी पुन्हा सांगितलं.

"मंग सांगायचं की रं तवाच," त्या म्हणाल्या. "मी पाट मांडला हुता."