सोडचिठ्ठी नको, विवाह रद्द हवा : ॲड. सुमनताई वाव्हळे

सुमनताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांची शिष्या नव्हते, पक्षकार होते. तीही मनाविरुद्ध. राणीसावरगावहून एसटीने गंगाखेड, तिथून रेल्वेने परभणी, असा प्रवास करून मी, माझे वडील आणि चुलते त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. वडील मान खाली घालून म्हणाले, "बाई, पोरीची सोडचिठ्ठी करून द्या. गाजावाजा नको."

ताईंनी वडिलांकडे नव्हे, माझ्याकडे पाहिलं. "काय झालं ते तू सांग."

चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी सांगू लागले. सासरी रेशनकार्डात माझं नाव घालायचं होतं. नवरा कामावर होता, म्हणून मी एकटीच तहसील कार्यालयात गेले, अर्ज दिला. कारकुनाने नोंद काढली आणि विचारलं, "तुमीच मीरा का? ह्येंच्या बायकोचं नाव तर आधीच हाय की." मी म्हणाले, मी मीरा नाही. तो म्हणाला, "मग ही कोण?" तोच प्रश्न मी घरी जाऊन विचारला. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "झालं गेलं. तिचा कोर्टातून निकाल लागलाय. तुला हितं काय कमी हाय?" दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी माहेरी आले. बघायला आले तेव्हा त्यांनी दिलेल्या माहितीच्या कागदावर 'प्रथम विवाह' असं लिहिलं होतं, ठळक अक्षरात.

ताईंनी विचारलं, "त्या अर्जाची पोच आहे?" ती माझ्या पर्समध्ये होती, तारखेच्या शिक्क्यासकट. ताईंनी ती उजेडात धरून दोनदा वाचली. मग वडिलांना म्हणाल्या, "सोडचिठ्ठी कशाला मागता? घटस्फोट म्हणजे लग्न नीट झालं होतं, पुढे मोडलं. हिचं नीट झालंच नाही. एवढी मोठी गोष्ट लपवून संमती घेतली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम बाराखाली असं लग्न कोर्ट रद्द करू शकतं. मात्र फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. आणि कळल्यानंतर हिने आपखुशीनं त्याच्यासोबत नांदता कामा नये. एक दिवससुद्धा."

"जिंकू का आपण?" वडिलांनी विचारलं.

"हरूही शकतो. पगार फुगवून सांगितला, एवढ्यावर कोर्ट सहसा लग्न रद्द करत नाही. आधीचं लग्न लपवणं त्याहून मोठं आहे, पण ते म्हणतील की तुम्हाला सांगितलं होतं. तिथेच लढाई आहे."

मध्ये चहा आला. आम्ही प्यायलो. चुलत्यांनी कप तसाच ठेवला. ताई बौद्ध कुटुंबातल्या, जिंतूर तालुक्यातल्या शेतमजुराच्या कन्या; चुलत्यांच्या न पिण्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला होता. मी शरमेने लाल झाले. ताई चुलत्यांना एवढंच म्हणाल्या, "चहा राहू द्या. लग्नपत्रिका आणि फोटो मात्र पुढच्या वेळी तुम्हीच घेऊन या, विसरू नका." चुलत्यांनी त्या घरात शेवटपर्यंत चहा घेतला नाही. ताईंनी त्यांचं एकही काम अडवलं नाही आणि त्यांच्यासमोर आवाजही खाली केला नाही.

अर्ज दाखल झाला. आमच्या गावात कुजबुज सुरू झाली आणि पंचमीच्या आदल्या दिवशी सासरची जीप दारात उभी राहिली. सासरे, लग्न जमवणारा मध्यस्थ आणि दोन नातेवाईक. "सणापुरती पाठवा. आठ दिवसांत आणून सोडतो. कोर्टाचं कोर्टात चालू द्या." गावातल्या चार शहाण्यांना ते पटलं. आईने तर माझी पिशवीही भरली. मी आत जाऊन ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बाहेर जा आणि फोन स्पीकरवर लाव."

अंगणात ताईंचा आवाज घुमला. "मी हिची वकील बोलते आहे. ही आज गाडीत बसली, तर उद्या तुम्ही कोर्टात सांगाल की सगळं कळूनही ती राजीखुशीनं नांदायला आली. सणाचं आमंत्रण नाही हे, खटला बुडवायची युक्ती आहे."

मध्यस्थ तडकला. "बाईमाणसानं घरच्या भानगडीत कशाला पडावं?"

"बाईमाणसाच्याच आयुष्याची भानगड आहे, म्हणून पडले," ताई म्हणाल्या. "पण नकार मी देणार नाही. तो तिने द्यायचा. बोल गं."

एवढ्या पुरुषांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणाले, "मी येत न्हाई." कुणालाच ऐकू गेलं नसावं. मग मी ओरडले, "मी येत न्हाई! फसवून नेलं तवा आले, आता न्हाई!" जीप रिकामी परत गेली. आज मी स्वतः न्यायालयात उलटतपासणी घेते, पण माझ्या वकिलीचं पहिलं वाक्य मी त्या अंगणात बोलले, असं मला अजून वाटतं.

पुढे ताईंना जे वाटलं होतं तेच झालं. सासरच्यांनी लेखी उत्तर दिलं की पहिल्या लग्नाची गोष्ट मुलीकडच्यांना आधीच सांगितली होती. मध्यस्थ तशी साक्ष द्यायला तयार होता. 'प्रथम विवाह' लिहिलेल्या कागदावर कुणाची सही नव्हती; तो आमचा नाहीच, असं ते म्हणत होते. तेव्हा ताई मला घेऊन एसटीने येलदरीकडे निघाल्या. धरणाजवळच्या एका गावात मीरा माहेरी राहून शेती पाहत होती. वयाची साठी ओलांडलेल्या ताई बांधावरून चपला हातात घेऊन चालत गेल्या.

मीरा खुरपत होती. आम्ही कोण ते कळल्यावर तिचा चेहरा मिटला. "मला कशाला वढता? लोक आत्ता कुठं गप झालेत."

ताई तिच्याजवळ मातीत बसल्या. "येणं न येणं तुझ्या मर्जीवर. फक्त एवढं सांग, हिच्या लग्नाआधी तुझ्याकडं कोण आलं होतं का?"

खुरपं खाली ठेवून ती म्हणाली, "सासरे आलते. म्हणले, कुणी चौकशीला आलं तर नाव काढू नको, आमच्या पोराचं जमायलंय. मी म्हणले, जावा, न्हाई बोलत." माझ्याकडे बघून ती पुढे म्हणाली, "तवा बोलले असते तर तू वाचली असतीस, बाई."

ज्या बाईचं नाव ऐकून माझं घर कोसळलं होतं, तिचा मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. आम्ही दोघी त्याच माणसांच्या खोटेपणाने पोळलो होतो.

मीरा साक्षीला आली. बंद दालनात सुनावणी चालली. समोरच्या वकिलांनी तिला विचारलं, "तुम्ही सूड घ्यायला आलात ना?" ती म्हणाली, "सूड घ्यायचा असता तर लग्नाच्या मांडवात आले असते. तवा गप बसले, त्याचंच वाईट वाटायलंय, म्हणून आले." त्यानंतर मध्यस्थाची साक्ष टिकली नाही. कुठे सांगितलं, कुणासमोर सांगितलं, हे ताईंनी विचारायला सुरुवात केली आणि प्रत्येक उत्तरात गाव बदलत गेलं.

तरीही निकालाच्या आधी व्हरांड्यात समोरच्यांकडून निरोप आला : परस्पर संमतीने घटस्फोट घ्या, दोघंही लवकर मोकळे व्हा. वडील थकले होते. त्यांना ते हवं होतं. ताईंनी मला बाजूला नेलं. "कायद्याने तोही रस्ता खुला आहे. घेतलास तर मी एका शब्दाने बोलणार नाही. पण ठरव तू."

मी म्हणाले, "मोडलेलं लग्न माझ्या नावावर नको. झालं ते फसवणूक होती, हे कोर्टानं लिहून द्यावं."

ताईंनी काळा कोट सारखा केला आणि त्या समोरच्यांना म्हणाल्या, "माझ्या पक्षकाराला सुटका नको आहे, सत्य हवं आहे." विवाह रद्द झाल्याचा निकाल लागला तेव्हा वडील पायरीवर बसून रडले. ताईंनी त्यांना पाणी दिलं आणि मला विचारलं, "आता काय करणार? घरात बसणार की शिकणार?"

मी कायदा शिकले तो त्या एका प्रश्नामुळे. प्रवेशाचा अर्ज त्यांच्याच टेबलावर भरला. पुढे त्यांच्याकडे काम करू लागले तेव्हा कळलं की ताईंचा ताठपणा परक्यांपुरता नाही. एकदा त्यांच्याच नात्यातले काही लोक स्टँप पेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी घेऊन आले. मुलीचा अंगठा आधीच घेतलेला. "आपल्या आपल्यात मिटवलंय ताई, फक्त नजर टाका." ताईंनी नजर टाकली आणि कागद परत केला. "बौद्धांनाही हाच विवाह कायदा लागू आहे. या कागदानं लग्न संपत नाही, फक्त पोरगी अडकते. उद्या तिने दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरेल. आधी तिला बोलवा. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काही करणार नाही." नातेवाईक चिडले, दोन वर्षं लग्नकार्याला बोलावलं नाही. ताईंनी त्याची कधी तक्रार केली नाही. ती मुलगी मात्र आली, रीतसर अर्ज झाला.

अर्ज लिहिताना त्या आजही माझी वाक्यं खोडतात. 'दुर्दैवी अर्जदार' असं मी एकदा लिहिलं होतं. त्यांनी 'दुर्दैवी' वर रेघ मारली. "दैवानं काही केलेलं नाही. कुणी केलं, कधी केलं, कसं केलं, ते लिही."

पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचं आम्ही शिष्यांनी ठरवलं तेव्हा त्या रागावल्या. सत्काराच्या दिवशी एका मुलीच्या खटल्यात साक्ष आहे, तारीख बदलून घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणून आम्हीच सत्काराची वेळ कोर्ट सुटल्यानंतरची ठेवली आहे.

ताई, आपल्या वयाचा मान राखून आम्ही आपल्यासाठी शांत, निवांत आयुष्य मागायला हवं. आम्ही ते मागत नाही. आपण ते घेणारही नाही. आपल्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडो, गुडघे ठणठणीत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टाचा जिना चढताना धाप आम्हा धाकट्यांनाच लागो.