विहिरीकडं वळलेला ट्रॅक्टर

माझं काम काय, हे घरी मला कधी नीट सांगता आलं नाही. पुण्यातल्या एका कंपनीत चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्या तयार होतात. त्या गाड्यांमध्ये बाहेरचा कुणी इंटरनेटवरून घुसू शकतो का, ते आम्ही तपासतो. म्हणजे आधी आम्हीच घुसून बघतो आणि सापडलेली वाट बंद करतो. दादा पाहुण्यांना सांगायचा, "बहीण गाड्याच्या कुलपाचं काम करती." मी ते कधी खोडून काढलं नाही.

त्या दिवाळीला पोखर्णीजवळच्या आमच्या गावी गेले, तर ट्रॅक्टरवर नवं यंत्र बसलेलं. टपावर पांढरी अँटेना, स्टेअरिंगला मोटर आणि बाजूला छोटा स्क्रीन. एकदा रेघ ठरवून दिली की ट्रॅक्टर उपग्रहाच्या आधारानं सरळ तासात, एका ओळीत, आपोआप चालायचा. ट्रॅक्टर वहिनी चालवायची. दादाची कंबर दुखायला लागल्यापासून तिनंच तो हाती घेतला होता.

"आता हात मोकळे ऱ्हातेत," ती मला म्हणाली. "मागं वळून बियाणं पडायलंय का न्हाई ते बघता येतंय."

हरभऱ्याची पेरणी चालली होती. मी आणि दादा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलो होतो. ट्रॅक्टर वावराच्या मध्यावर आला आणि उजवीकडं वळला. मला वाटलं, वहिनीनंच वळवला. पण ती मागं पेरणीयंत्राकडं बघत होती. समोर आमची विहीर होती, कठडा नसलेली.

दादानं हाक मारली, ती इंजिनच्या आवाजात बुडाली. तेवढ्यात वहिनीला वळण जाणवलं असावं. तिनं क्लच आणि ब्रेक एकदमच दाबले. विहीर अजून बरीच लांब होती, तरी दादा कंबर विसरून पळत गेला आणि स्टेअरिंग धरून उभा राहिला.

"उपग्रह ढगाआड गेला असंल," तो म्हणाला. आभाळ निरभ्र होतं.

मी वर चढून स्क्रीन बघितला. सकाळची रेघ जाऊन तिथं दुसरीच, तिरपी रेघ आली होती.

"वहिनी, रेघ तुमी बदललीत का?"

"मी हातच न्हाई लावला."

यंत्राच्या डब्यावर त्याचा नंबर छापला होता आणि खाली पासवर्ड. एकापासून सुरू होणारे ओळीनं आकडे. मी त्या यंत्राचं ॲप माझ्या मोबाइलवर उतरवून घेतलं, नंबर टाकला, ते आकडे टाकले. आमचा ट्रॅक्टर माझ्या हातात उघडला.

दादाला हे पटेना. तेव्हा वहिनीच म्हणाली, "मी बसते वर. ताई, तुमी लांबून वळवून दाखवा." विहिरीपासून दूर, मोकळ्या वावरात तिनं ट्रॅक्टर अगदी हळू सोडला. मी धुऱ्यावरून नवी रेघ पाठवली. स्टेअरिंग फिरलं, ट्रॅक्टर वळला, वहिनीनं थांबवला.

"आपलीच गाडी आपल्या मानसावर घालायलीस का?" दादा रागावून म्हणाला.

कंपनीत अशी वाट सापडली की आम्ही एकमेकांना टाळ्या देतो. त्या दिवशी मात्र मी ॲप बंद करून मोबाइल ठेवून दिला. तिथं आसन रिकामं असतं, इथं वहिनी बसली होती.

मग वहिनीनं यंत्र बसवून देणाऱ्या पूर्णा गावच्या मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी त्याला विचारलं, आज तुम्ही कुणाची रेघ पाठवलीत का?

"पाठवली ना ताई, राणीसावरगावच्या गिऱ्हाइकाची. हितं दुकानातूनच." मग वही चाळल्याचा आवाज आला. "नंबरातला एखादा आकडा चुकला का काय?"

"पण पासवर्डनं अडवलं कसं न्हाई?" मी विचारलं.

"सगळ्याला एकच हाय. लोक इसरतेत, म्हनून."

दुपारी तो मोटारसायकलवर आला. वहिनीसमोर उभा राहून म्हणाला, "चुकलं माझं." वहिनीनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा. आधी हे बदलायचं कसं ते शिकवा."

मेकॅनिकनं आणि मी मिळून पासवर्ड बदलायची जागा शोधली. बाहेरून आलेली रेघ चालवणाऱ्यानं स्क्रीनवर होकार दिल्याशिवाय लागू होणार नाही, अशीही सोय त्यात होती, फक्त ती कुणी चालू केली नव्हती. नवा पासवर्ड वहिनीनं पाठ फिरवून टाकला.

"मला तरी सांग," दादा म्हणाला.

"तुमाला कशाला? तुमी चालवतेत का?"

त्या आठवड्यात मेकॅनिक एकेका गिऱ्हाइकाकडं गेला आणि पासवर्ड बदलून आला. काहींनी नको म्हटलं, लक्षात राहत नाही म्हणून. अशांना समजवायला तो वहिनीला फोन लावून द्यायचा. ती काय झालं ते साध्या शब्दांत सांगायची. बहुतेक लोक ऐकायचे. दादानं हरभरा उगवायच्या आधी विहिरीला कठडा बांधून घेतला.

पुण्याला परतल्यावर मी हे साहेबांना सांगितलं.

"हल्ला करणारा कोण होता?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. एक चांगला मेकॅनिक."

मग त्यांनी आमच्या गटाला एक वेगळं काम दिलं. चोरासारखं नाही, तर घाईत चुकणाऱ्या भल्या माणसासारखं आपल्या गाडीत घुसून बघायचं. पहिल्याच दिवशी एक वाट सापडली. ती बंद करायला मात्र पुष्कळ वेळ लागला, कारण कामाची माणसंही रोज त्याच वाटेनं ये-जा करत होती.