शाळेजवळचं बोअर

विजयमालाबाई चिडल्या की ओरडत नाहीत, खडू मोडतात. या उन्हाळ्यात त्यांनी किती खडू मोडले ते विचारूच नका.

मंगळवेढ्यापासून आत, एसटी जिथून परत वळते त्या गावात त्यांची शाळा. सासरही तिथलंच, आणि सासरे तात्याबा यांचं रान शाळेच्या कुंपणाला लागून. शाळेचं बोअर दरवर्षी होळीलाच कोरडं पडायचं. मग पिण्याचं पाणी आणायला मोठ्या पोरींना घागरी देऊन गावविहिरीवर धाडायचं, अशी रीतच पडली होती. पोरांना कुणी धाडत नसे. गणिताचा तास बुडायचा तो पोरींचाच, आणि बाईंचं डोकं तिथंच फिरायचं.

म्हणून मागल्या पावसाळ्याआधी त्यांनी वर्गाला हाताशी धरून बोअरभोवती खड्डा घेतला, दगड-वाळू भरली आणि शाळेच्या पत्र्यावरचं पाणी पाइपानं त्यात सोडलं. पाणी जमिनीत कसं मुरतं, खाली कसं साठतं, हे शिकवून शिकवून त्यांचा घसा बसला. पण यंदा होळी उलटली तरी नळाला पाणी! पोरी सगळ्या वर्गात! बाई इतक्या खूश की घरी जेवताना रोज तेच पुराण. तात्याबा भाकरी मोडत कान देऊन ऐकायचे. बाईंना वाटायचं, मामंजींना पटतंय.

पटलं होतं हो, चांगलंच पटलं होतं!

एका सकाळी कुंपणापलीकडं बोअरची गाडी येऊन उभी राहिली. तळहातावर नारळ आडवा ठेवून पाणाड्या रानात पाणी हुडकत फिरत होता. नेमका कुंपणाजवळ येऊन त्याचा नारळ उभा राहिला. राहणारच की! बाई वर्ग सोडून धावल्या.

"मामंजी, इथं कशाला बोअर मारताय?"

"आता गं! तूच म्हनलीस की, शाळंपाशी लई पानी मुरलंय म्हनून. डाळिंबं वाळाय लागल्याती. म्हनलं, घरातली मास्तरीन सांगतीया, तर दुसरीकडं कशाला हुडकायचं?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते पोरांनी मुरवलंय! तुम्ही इथं ओढलं की शाळेचं आटणार."

"भुईच्या पोटात कुनाचं नाव लिवलंय व्हय?"

गाडीवाले हसले. चारचौघांत सुनेशी तंटा नको म्हणून तात्याबांनी बोअरच्या जागेची खूण कुंपणापासून जराशी आत सरकवली. "घे, तुजा मान राखला! आता तरी हस की." सगळ्या गावानं तात्याबांचं कौतुक केलं. जरा सरकवून काय उपयोग, खालचं पाणी एकच, असं बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मशीनच्या घरघरीत ऐकतो कोण?

बोअरला पाणी लागलं, तेही फवारा उडावा असं. गुलाल उधळला, पेढे वाटले, आणि पहिला पेढा सूनबाईंच्या हातावर!

आठवड्याभरात शाळेचा नळ नुसती हवा सोडू लागला. पोरींच्या कमरेवर पुन्हा घागरी आल्या. बाईंना रडावं की कुणाला धरून बदडावं ते कळेना.

आणि अशात एका दुपारी खुद्द तात्याबा ट्रॅक्टरला नव्या बोअरच्या पाण्याची टाकी जोडून शाळेत हजर. "आमच्या सुनंची शाळा अन् पोरं तान्हेली? शोबतं व्हय?" मुख्याध्यापक आदिनाथ सरांना तर भरून आलं. त्यांनी लगेच पोरं रांगेत बसवली, हार मागवला, तात्याबांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "बाई, आभाराचे दोन शब्द तुम्हीच बोला."

बाई उठल्या. तेवढ्यात चौथीतली ऋतुजा उठली आणि पेल्यातला एक घोट घेऊन म्हणाली, "बाई, हे आपलंच पानी हाय की. आपन मुरवलेलं."

आदिनाथ सरांनी डोळे वटारले. "ए, खाली बस!"

"बसवू नका तिला, सर," बाई म्हणाल्या. "एवढ्या गावात तिला एकटीला कळलंय." मग सासऱ्यांकडं वळल्या. "मामंजी, आभार तुम्हीच माना. पोरांचे."

तात्याबांनी गळ्यातला हार काढला आणि कुणाला द्यावा ते न कळून हातातच धरून उभे राहिले.