बिनगाड्यांचा घाट

घाट उतरून आले की ते आपली पायगाडी, म्हणजे सायकल, माझ्या ओसरीच्या खांबाला टेकवायचे आणि एक शब्द न बोलता हाताची बोटं वर करायचे. चार बोटं म्हणजे खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत चार धक्के बसले. तीन म्हणजे तीन. मग घाम पुसून म्हणायचे, "वहिनी, शेवटचा धक्का मोरीपाशी होता. उद्या काढतो."

सवय इतकी अंगात मुरली होती की जेवताना भातात खडा लागला तरी बोट वर व्हायचं. "एक धक्का." बस्स, एवढंच. असं गिऱ्हाईक मी एरवी दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं. पण ते घाटरस्त्याचे सरकारी ओव्हरसियर होते, आणि माझ्या खाणावळीला रोजचं म्हणावं असं गिऱ्हाईकही तेच एक उरलं होतं.

सासूबाईंनी खाणावळ घातली तेव्हा घाटाच्या पायथ्याशी बैलगाड्यांची रांग लागायची म्हणे. मग आगगाडी कर्जतवरून घाट चढू लागली, आणि मी लग्न होऊन आले तोवर रांगेच्या जागी गवत उगवलं होतं. सासूबाई मात्र रोज चाळीस पानांचे तांदूळ काढायच्या आणि सदतीस पानांचे परत भरून ठेवायच्या.

रस्ता होता तसाच राहिला. रुंद, टणक, उन्हात पांढरा पडलेला आणि मोकळा. दिवसभरात त्यावरून जायची ती माकडं, एखादा बैरागी आणि आमचे ओव्हरसियर.

पायगाडी त्यांनी खंडाळ्याच्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी घेतली होती. चढताना ते ती ढकलत चालत जायचे, त्याला पाहणी म्हणायचे. उतरताना तिच्यावर बसून यायचे, त्यालाही पाहणीच म्हणायचे. पागोट्याखाली ओला पंचा, धोतराचे सोगे घोट्याशी सुतळीनं बांधलेले, असा सरकारचा प्रतिनिधी भर उन्हात घाटातून यायचा. पायगाडीला आवरायला पुढच्या चाकावर दाबायचा एक रबराचा तुकडा होता, तो दुसऱ्या वळणालाच जळका वास सोडायचा. म्हणून ते करवंदीचं एक मोठं झुडूप दोरीनं मागे बांधून फरफटत आणायचे. झुडपामुळे वेग कमी व्हायचा आणि धूळ इतकी उडायची की आधी ढग दिसायचा, मग ओव्हरसियर.

"रावसायेब, झाडून झालं का?" बुधी विचारायची. "मंग सडा टाकू?"

बुधी ही डोंगरातल्या ठाकूरवाडीची. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या नऊ माणसांच्या टोळीची ती म्होरकी. ओव्हरसियरांच्या खिशात एक लोखंडी कडी असायची. जो दगड त्या कडीतून जाणार नाही तो पुन्हा फोडायचा, असा नियम. सरकारी कडी याहून मोठी होती, पण ती त्यांना पसंत नव्हती.

"अवो, ह्याच्यावरनं चालनार कोन? माकडं?" बुधी म्हणायची. "त्यांच्या पायाला नाय टोचत."

"माझ्या चाकाला टोचतं."

"मंग सरळ म्हना की चाकासाटी फोडतो."

ते हसायचे आणि कडी तिच्या हातात द्यायचे. खडीवर मुरूम, मुरुमावर पाणी, पाण्यावर दगडी रूळ. रूळ इतरांनी एकदा फिरवला असता, हे तीनदा फिरवायला लावायचे.

अशा रस्त्यावर चुकून एखादी बैलगाडी आलीच, तर ओव्हरसियरांचा चेहरा दुखणाइतासारखा व्हायचा. ते गाडीवानाला थांबवायचे, मायेनं विचारपूस करायचे आणि सांगायचे, "आगगाडी असताना बैलांचे हाल कशाला करता?" रस्त्याचा पगार घेणारा माणूस रेल्वेला गिऱ्हाईक लावून द्यायचा. तुम्हीही असे पाहिले असतील. वाचनालयातलं पुस्तक कुणी घरी नेलं की जेवण न जाणारे चिटणीस असतात, त्याच जातीचे हे.

एका उन्हाळ्यात त्यांना वरून पत्र आलं. मोठे साहेब घाट पाहायला येणार. रस्ता अजून वापरात आहे का, हे ते डोळ्यांनी पाहणार. नसेल तर दुरुस्ती बंद आणि टोळीला घरी. ओव्हरसियरांनी माझ्या ओसरीवर बसून पत्र दोनदा वाचलं.

"वहिनी, हा रस्ता पाहून साहेब काय म्हणतील?"

"साहेब रस्ता पाहायला येत नाहीत. गाड्या पाहायला येतायत."

"रस्ता चांगला असला की गाड्या येतात."

"पाच वर्षं चांगला आहे. आल्या?"

त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मी म्हटलं, हे यांच्याच्यानं व्हायचं नाही.

साजगावचे धोंडूमामा माझे लांबचे मामा. त्यांच्या शब्दावर भाऊबंदांच्या आठ गाड्या निघत. त्यांना निरोप धाडून मी बोलावून घेतलं. साहेब येतील त्या सकाळी आठही गाड्या पेंढा भरून घाट चढतील, साहेबांना दिसतील, दुपारी रिकाम्या उतरतील, पुन्हा दिसतील. सगळ्यांचं जेवण माझ्याकडे. धोंडूमामांनी एकच विचारलं, "पुरनपोळी का साधं?" पुरणपोळी ठरली. बुधीलाही सांगून ठेवलं. ओव्हरसियर शेजारी बसून सगळं ऐकत होते. मान हलवत होते. ती होकाराची आहे असं मी समजले, हा माझा मूर्खपणा.

ठरल्या दिवशी सकाळी आठ गाड्या माझ्या दारावरून चढत्या झाल्या. घुंगरं वाजत होती. सासूबाई उठून दारात आल्या आणि म्हणाल्या, "तांदूळ काढू का गं?" मी पुरण वाटायला बसले.

पुरण वाटून व्हायच्या आत घुंगरं पुन्हा वाजली. आठही गाड्या परत. पेंढा जसाच्या तसा.

"काय झालं, मामा?"

"त्यांनीच धाडलं मागारी," धोंडूमामा म्हणाले. "पयल्या वळनावर आडवं हुबं. म्हनले, काल रूळ फिरवलाय, तीन दिस चाक नाय पडायचं."

"आणि तुम्ही आलात?"

"सरकारी मानूस हाय. आमी काय त्याला वलांडून जानार? जेवन हाय ना पर?"

मी हात न धुता निघाले. पहिल्या वळणावर पोचले तेव्हा साहेब घोड्यावरून उतरलेले होते. ओव्हरसियर पायगाडी धरून शेजारी, आणि कडेला बुधीची टोळी रांगेत. रस्ता खरोखर सुरेख दिसत होता. नुसता अंथरल्यासारखा, एक ओरखडा नाही. साहेबांनी टाच आपटून पाहिली, वाकून पाहिलं, आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "फार उत्तम. असा रस्ता मी कुठे पाहिला नाही."

ओव्हरसियर लाजले.

"यावर जातो कोण?"

आता खोटं बोलायला जागा होती. गाड्या आत्ताच खाली गेल्या, एवढं म्हटलं असतं तरी ते खोटंही नव्हतं. ओव्हरसियर म्हणाले, "मी जातो, साहेब. रोज."

साहेबांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं आणि मनापासून हस्तांदोलन केलं. पावसाळ्याआधी दुरुस्ती बंद झाल्याचा हुकूम आला. त्यात रस्त्याची तारीफ होती, असं ओव्हरसियरांनी मला सांगितलं.

पण त्याआधी, साहेबांचा घोडा वळणापलीकडे गेला तेव्हा बुधी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. "रावसायेब, तुमचं चाक सुखानं गेलं. आमच्या चुली कुटं नेऊ?"

ते म्हणाले, "नव्या मुरुमावर आठ गाड्या म्हणजे सोळा चाकं, बुधी. बैलांचे खूर वेगळे."

"व्हय. मोजलंत तेवडं."

त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. धोंडूमामांच्या मंडळींनी त्यांच्या वाटणीच्या पोळ्या संपवल्या.

मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. ते मात्र दुसऱ्या दिवसापासून पायगाडी काढून कर्जतला जायला लागले. खोपोली ते कर्जत म्हणजे तेव्हा रस्ता नव्हे, बैलगाडीनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या. भर वैशाखात रोज जायचे, कर्जतच्या ओव्हरसियराच्या दारात बसायचे. तिकडे खडीचं काम निघणार होतं, त्यावर बुधीची टोळी घ्या म्हणून. संध्याकाळी परत यायचे तेव्हा गुडघे सोललेले, कोपर सुजलेलं, पायगाडीचा दांडा वाकडा. धक्के किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हळदीचा लेप मात्र मी देत होते, तोही न बोलता.

महिन्यानं टोळीची नऊही माणसं कर्जतच्या कामावर लागली. बुधी जाताना त्यांना भेटली नाही. मला म्हणाली, "तितली कडी मोठी हाय, माई. हात दुखत नाय."

ओव्हरसियरांचं काय करायचं, हे मात्र ना त्यांनी कुणाला विचारलं, ना कुणी त्यांना. दीडेक वर्षानं त्यांना देशावर, सोलापूरकडे कुठंतरी धाडलं. सामान एवढंसं. मी म्हटलं, आगगाडीनं जा. ते म्हणाले, घाटानंच जातो. धोंडूमामांची गाडी ठरवली. वळकटी, ट्रंक, कागदांचं एक गाठोडं आणि माझ्याकडून एक लोणच्याची बरणी.

दोन पावसाळे दुरुस्तीवाचून गेले होते. मुरूम जागोजाग वाहून खडी उघडी पडली होती. गाडी पुढे चालली, तिच्या चाकांखालून खडी कचाकचा उडत होती. ते पायगाडी हातात धरून मागून पायी निघाले होते. चार पावलं टाकायचे, थांबायचे, चाकानं उचकटलेली खडी वहाणेच्या टाचेनं पुन्हा जागेवर दाबायचे, मग पुढची चार पावलं. गाडी वळणाआड गेली तरी ते बराच वेळ अलीकडेच होते.