मंडळाची शाल

आमच्या कपाटात एक शाल होती आणि ती माझी नव्हती.

ती दिल्लीतल्या आमच्या मराठी इतिहास मंडळाची होती. देशात उदारीकरण आलं, आमच्या फरीदाबादच्या कारखान्यात जपानी पाहुणे आले, घरात केबल आली आणि त्याच धामधुमीत बायकोच्या डोक्यात इतिहास आला. महिन्यातून एका रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात व्याख्यान नाहीतर एखाद्या जुन्या इमारतीभोवती पायी फेरी. वसुधा मंडळाची कार्यवाह. मी कार्यवाहांचा नवरा, म्हणजे सतरंज्या उचलणारा.

आता मराठी मंडळ म्हटलं की वक्त्याला शाल-श्रीफळ आलंच. तो नुसता वाटाड्या असला तरी सुटका नाही. आमचे वक्ते दर महिन्याला एकच, कारखानीस. नोएडातला स्वतःचा बंगला, नवीकोरी कोरियन गाडी, विटेएवढा मोबाइल आणि डोळे मिटून बोलायची सवय. लढाईचा प्रसंग आला की ते डोळे मिटायचे आणि समोरच्या बायका पदर सावरून पुढे सरकायच्या. त्यांत माझी बायको सगळ्यांत पुढे. (कार्यवाहांची खुर्चीच पुढे असते, असं ती म्हणते. असेल.)

व्याख्यान संपलं की वसुधा त्यांच्या खांद्यांवर शाल घालायची. कारखानीस नम्रपणे वाकायचे, मग तीच शाल घडी करून परत द्यायचे. "वहिनी, ही मंडळालाच राहू द्या." टाळ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच शाल, तेच खांदे, त्याच टाळ्या. मधल्या काळात ती आमच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात असायची. सोळा वर्षांच्या संसारात वसुधानं माझ्या खांद्यावर फक्त ओला टॉवेल टाकला होता, तोही "दोरीवर वाळत घाला" म्हणून.

होय, मी जळत होतो. उगाच मोठेपणा कशाला सांगू!

"कारखानीस किती रंगवून सांगतात ना," ती परतताना म्हणायची.

"डोळे मिटून कोणीही सांगेल," मी म्हणायचो.

"तुम्ही डोळे मिटले की घोरता."

जानेवारीची फेरी हिंदूरावच्या टेकडीवर ठरली, तेव्हा मी बैठकीत हात वर केला. ग्वाल्हेरहून येऊन दिल्लीत राहिलेला मराठी माणूस, टेकडीला त्याचं नाव, दवाखान्याला त्याचं नाव. त्याच्यावर बोलायला बदलीवर दिल्लीत आलेल्या माझ्याइतका लायक कोण? कारखानीस म्हणाले, "वा साने, जरूर. मी श्रोता म्हणून येईन." हा मनुष्य हेवासुद्धा करत नाही, याचाही मला हेवा वाटला.

मग घरात दुसरा विषय उरला नाही. दाढी करताना, कंपनीच्या बसमध्ये, जपान्यांसमोर नटबोल्ट मोजताना माझ्या तोंडात एकच वाक्य. "मित्रहो, आज आपण ज्या टेकडीवर उभे आहोत..."

"बाबा, श्रीफळ म्हणजे क्या?" आमची ऋता. जन्म पुण्याचा, भाषा फरीदाबादची.

"नारळ."

"तो सीधा नारळ बोला ना. आणि तो तुम्हाला आईच देणार? मग घरीच घ्या ना यार."

"सगळ्यांसमोर घेण्यात गंमत असते."

"अच्छा," ती म्हणाली आणि आईकडे बघून हसली.

रविवारी टेकडीवर चांगलं धुकं होतं. शंभर मराठी स्वेटर आणि माकडटोप्या जमल्या. खऱ्या माकडांनी जवळच्या भिंतीवर आधीच जागा धरली होती. वसुधानं ताट मांडलं. हळदकुंकू, पेढे, नारळ आणि घडी केलेली शाल. मी तिला बाजूला घेतलं.

"सत्कार आधी करू."

"अहो, पद्धत व्याख्यानानंतरची आहे."

"नंतर लोक डबे उघडतात. मग कोण बघतंय?"

तिनं कपाळाला आठी घातली, पण 'बरं' म्हणाली. तेवढ्यात कारखानीस हळूच जवळ आले.

"साने, इथली माकडं फार धीट आहेत. सत्कार खाली, आवारात करू या का?"

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं. कारखानीसांनी सांगितलं म्हणजे माझा सत्कार त्यांना बघवत नव्हता. "सत्कार इथेच होईल," मी ठणकावलं आणि छाती काढून उभा राहिलो.

वसुधानं शाल उलगडली. दोन्ही हातांनी उचलली. मी कारखानीसांसारखा वाकलो, नजर खाली, चेहऱ्यावर विनय. शाल काही पडेना. मी आणखी वाकलो. वर बघितलं तर वसुधाचे हात रिकामे, ताटातले पेढे गायब, आणि एक दांडगं माकड शाल खांद्यावर घेऊन भिंतीवर बसलेलं. त्याला ती शोभतही होती.

त्या क्षणी शहाण्या माणसानं हसून व्याख्यान सुरू केलं असतं. मला मात्र दिसलं की वर्षभरात त्या शालीला दुसरे खांदे मिळाले आणि तेही माझे नाहीत. मी भिंतीवर चढलो.

"अहो, उतरा!" वसुधा ओरडली.

"सोड, सोड म्हणतो ना!" मी माकडाला मराठीत दरडावलं. त्यानं दात दाखवले. मग मला आठवलं की हे दिल्लीचं माकड आहे. "छोड़ो भई, मंडल का है!" त्याचाही उपयोग झाला नाही. ते शेजारच्या कीकरावर, म्हणजे आपल्या बाभळीवर गेलं. मीही एक पाय फांदीवर टाकला. खाली शंभर माणसं माना वर करून उभी होती. इतके एकाग्र श्रोते कारखानीसांनाही कधी मिळाले नसतील, म्हणून मी संधी साधली.

"मित्रहो," मी म्हणालो.

तेवढ्यात कारखानीसांनी शांतपणे डब्यातून एक केळं काढलं आणि माकडाला दाखवलं. माकडानं सौदा मान्य केला. केळं वर गेलं, शाल खाली आली आणि (देवाशपथ सांगतो) नेमकी कारखानीसांच्या खांद्यांवर पडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोण वाजवतंय ते बघायला मी मान वळवली. वसुधा वाजवत होती. मी थेट खाली आलो.

एक बरं होतं, दवाखाना शेजारीच होता. चार सभासदांनी मला सतरंजीत घालून नेलं. वर्षभर उचललेली सतरंजी अशी कामी आली. घोटा मोडला होता. वसुधा माझ्याबरोबर आत आली, एक्स-रे झाला, प्लास्टर चढलं. लोक एवढ्या लांबून आले होते, म्हणून बाहेर आवारात कारखानीसांनी बोलायला सुरुवात केली. खिडकीतून टाळ्या ऐकू येत होत्या. मध्येच वसुधा "पाणी आणते" म्हणून गेली आणि बराच वेळ आली नाही.

ऋता आधी आली. "बाबा, अंकलनी काय मस्त सांगितलं! वो हिंदूराव घर सोडून इतक्या लांब आला ना, ते ऐकून आई तो रडलीच."

"मीपण तेच सांगणार होतो."

"तुम्ही 'मित्रहो' छान बोललात," ती समजुतीनं म्हणाली.

वसुधा आली. डोळे लाल, हातात पाणी. मी भिंतीकडे तोंड केलं. थंडीनं म्हणा, अपमानानं म्हणा, मला हुडहुडी भरली होती. मग तिनं पिशवीतून ती शाल काढली, दोन्ही हातांनी उलगडली आणि माझ्या खांद्यांवर घातली. नीट, काठ सारखे करून. शेजारच्या खाटेवरचे सरदारजी कौतुकानं बघत होते. शेवटी सत्कार झालाच होता, तोही बायकोच्या हातून, चार माणसांत.

"वसू," मी म्हणालो.

"बोलू नका, पडून राहा," ती हळुवारपणे म्हणाली. "आणि शालीवर चहा सांडू नका हं. पुढच्या महिन्यात कारखानीसांना घालायचीय."