मूसीकाठचा तिसरा मजला

घर भाड्यानं द्यायला काढलं की भाडेकरू मिळो न मिळो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून मिळायला लागतात. माझ्याकडे आता इतके साठलेत की त्यांच्यासाठीच एक खोली घ्यावी लागेल!

आम्ही तिघं. मी नलिनी, बँकेतून रिटायर झालेली. विठ्ठलराव माझे बँकेतलेच जुने सहकारी. घराणं निजामाच्या काळापासून इथलं शेतकरी, त्यामुळे मराठी बोलता बोलता दखनीत कधी शिरतील नेम नाही. आणि अदिती, पुण्याहून आलेली आयटीतली पोरगी, मला काकू म्हणते. तिघांनी अंबरपेठेत, मूसी नदीच्या काठी, एकाच बिल्डिंगमध्ये एकेक फ्लॅट घेतला. शहराच्या मधोमध, विद्यानगरजवळ, बस दारात. भाडेकरूंची रांग लागणार, असा माझा अंदाज होता. अजूनही आहे!

फक्त घरच्यांना पटलं नव्हतं. "नलू, नदीचं गटार झालंय, त्या वासात कोण राहणार? फंडाचे पैसे नदीत घातलेस," हे म्हणाले. यांना तेच पैसे पुण्यात, भावाच्या शेजारच्या प्लॉटमध्ये घालायचे होते. शेवटी तह झाला. दसऱ्यापर्यंत भाडेकरू आला तर फ्लॅट राहील, नाही तर विकायचा.

अडतीस वर्षं नोकरी करून फक्त माझ्या नावावर घेतलेली ती एकच वस्तू. विकायची म्हटलं की रात्री उठून मी खरेदीखत पुन्हा वाचायची. पण चेहऱ्यावर दाखवते तर ती मी कसली!

*

पहिली जाहिरात अदितीनं लिहिली. "काकू, मार्केटिंग माझ्यावर सोडा." सोडलं. तिनं टाकलं : रिव्हर व्ह्यू!

दुसऱ्याच दिवशी एक जोडपं हजर. हॉल बघितला, किचन बघितलं, मग मोठ्या उत्साहानं बाल्कनीत गेले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"मॅडम, नदी किधर है?"

"ही काय, समोर!"

नवऱ्यानं खाली वाकून नीट बघितलं आणि बायकोला म्हणाला, "अरे, ये तो मूसी है!"

दोघं चहासुद्धा न घेता गेले.

*

मग विठ्ठलरावांनी सूत्रं हाती घेतली. "वासाचा बंदोबस्त मैं करतो. तुम्ही टेन्शन नक्को घेऊ." पुढची फॅमिली यायच्या आधी तासभर जाऊन त्यांनी प्रत्येक खोलीत ऊद लावला. त्यावर अगरबत्त्या. त्यावर धूप.

मी पाहुण्यांना घेऊन वर पोचले तर जिन्यापर्यंत धूर! आत विठ्ठलराव पांढरा कुर्ता घालून, डोळे पुसत उभे. धुरानंच डोळे झोंबत होते, पण ते समोरच्याला काय माहीत!

पाहुण्या बाईंनी पदर डोक्यावर घेतला, दारातच थांबल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कौन गुजर गए जी?"

*

तिसरे आले ते वास्तूवाले मामा बरोबर घेऊन. मामांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. स्वयंपाकघर आग्नेयेला, खूश. दार पूर्वेला, डबल खूश. मी मनात भाडेकरार टाइप करायला घेतला. मग मामा बाल्कनीत गेले आणि त्यांचा चेहराच पडला.

"दक्षिणेला पाणी आहे. नाही चालणार."

विठ्ठलराव तडक पुढे झाले. "अहो मामा, वाकून तर बघा! उसमें पानी है किधर?"

मामांनी वाकून बघितलं. पाण्याचा आक्षेप त्यांनी मागे घेतला, पण वाकल्यामुळे वास थेट नाकात गेला होता. झालं, गेले!

*

मग लिफ्ट बंद पडली आणि पाठोपाठ माझा गुडघा. किल्ली यांच्याकडे गेली. हे रोज इमानेइतबारे जायचे, फ्लॅट दाखवायचे आणि एकटेच परत यायचे. मला शंका आली. एक दिवस विठ्ठलरावांना मागोमाग पाठवलं. ते परत आले ते कपाळावर हात मारतच.

"ताई, तुमचे साहेब सगळ्यांना सांगतात : संध्याकाळी साडेपाच ते साडेसात वास येतो, डास भरपूर आहेत, नीट विचार करा!"

मी जी भडकले! "अहो, तुम्ही फ्लॅट दाखवता की लोकांना घाबरवता?"

"खोटं बोलू का?" हे शांतपणे म्हणाले. यांच्याशी भांडायचं तरी कसं! बाजारात बतकम्माची, म्हणजे इकडच्या नवरात्रातल्या फुलांच्या सणाची, फुलं आली होती. दसरा तोंडावर, आणि प्लॉटचा नकाशा आमच्या टेबलावर.

*

आणि सरिता आली. कॉलेजात शिकवते, बरोबर आई. यांनी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अंकल, पंद्रा घर देखे. सच बोले सो आप अकेले. मेरी क्लास शाम कोच रहती. हमना ये घर होना." म्हणजे वासाच्या वेळी ती कॉलेजात, आणि घर तिला हवंच!

दसऱ्याच्या सकाळी त्या दोघी दूध उकळायला आल्या. इकडची पद्धत अशी, की भाडेकरूसुद्धा नव्या घरात आधी दूध उतू घालवतात, मग सामान आत. छोटी गॅसची शेगडी, नवं पातेलं, हळदकुंकू. आम्ही सगळे अवतीभोवती, मीसुद्धा गुडघा धरत तीन मजले चढून आलेली. दूध वर यायला लागलं, सरिताच्या आईनं हात जोडले...

आणि यांनी झडप घालून गॅस बंद केला! चाळीस वर्षं मी "दुधाकडे बघा हो" म्हणत आले, त्याचं हे फळ.

दूध झुपकन खाली बसलं. आई मटकन फरशीवर बसली. "अपशकुनम," एवढंच बोलली. सरितानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

हे चपला घालून निघाले. बिनलिफ्टचे तीन मजले उतरले, चढले, धापा टाकत परत आले. हातात दुधाच्या चार पिशव्या! सगळं दूध पातेल्यात ओतलं, गॅस मोठा केला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहिले. घामानं शर्ट भिजलेला, नजर पातेल्यावर.

दूध चढलं, फुगलं, आणि चारही बाजूंनी भसाभसा ओट्यावर!

"उतू गेलं! नलू, उतू गेलं!" हे ओरडले. आई हसली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. पुण्याहून भाऊ. "काय रे, दसरा आला. विकतोयस ना तो फ्लॅट?"

हे बाल्कनीत गेले, मूसीकडे बघितलं आणि म्हणाले,

"वेडा आहेस का? रिव्हर व्ह्यू आहे!"